शेवटचं धड कधी बोलले?

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात खिडकीशी बसून मी अकरा वर्षं केस पेपर लिहितोय. त्यातली नऊ वर्षं मावशीनं माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या. मावशी म्हणजे आमच्या विभागातली आया. स्ट्रेचर ढकलायचं, चादरी बदलायच्या, रडणाऱ्याला पाणी द्यायचं, ही तिची कामं. मला शिकवणं त्यात बसत नव्हतं, ते ती हौसेनं करायची.

केस पेपरवर एक छापील रकाना आहे, 'त्रास सुरू झाल्याची वेळ'. लकव्याचा रुग्ण आला की नातेवाईक हमखास म्हणतात, "आत्ताच झालं." मी तेच लिहायचो. मावशी स्ट्रेचर अडवून म्हणायची, "अहो साहेब, आत्ता झालं नाही, आत्ता दिसलं. शेवटचं धड कधी बोलले ते विचारा." मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती, हे तिनं डॉक्टरांकडून ऐकून पाठ केलं होतं. मला राग यायचा. आयानं कारकुनाला शिकवायचं म्हणजे काय? ती गप्प बसावी म्हणून मी विचारायचो, ती नसली की विसरायचो.

त्या मंगळवारी मात्र तीच गप्प होती. चहाच्या वेळी कळलं, नवऱ्याशी तीन दिवस अबोला आहे. नवरा शिंपी, घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. रक्तदाबाच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं तिला मशीनच्या खणात सापडली होती, महिन्याभराची.

"म्हणे मी ठणठणीत आहे, गोळ्या कशाला गिळू? मग मीही सांगितलं, गोळी घेतल्याशिवाय एक शब्द बोलणार नाही. बघू कोणाची जीभ आधी सुटते."

मी हसलो. तीही थोडी हसली.

साडेअकराला रुग्णवाहिका आली. मावशी सवयीनं स्ट्रेचर घेऊन धावली आणि दारातच थबकली. आत तिचा नवरा होता. गळ्यात टेप तसाच, तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात लोंबतोय. मागून सून उतरली, रडत म्हणाली, "आत्ताच झालं हो, आत्ताच!"

मावशीनं तिचा दंड धरला. "शेवटचं धड कधी बोलले तुझ्याशी?"

"सकाळपासून बोललेच नाहीत. तुमचा अबोला, म्हणून घरात सगळेच गप्प. मी अकराला चहा द्यायला गेले तर मशीनवर डोकं टेकून..."

मावशीनं तिचा दंड सोडला. सकाळी सहाला मावशी निघाली तेव्हा नवरा पांघरूण ओढून पडला होता. जागा होता की झोपलेला, तिनं पाहिलंही नव्हतं. नऊ वर्षं जगाला जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर तिच्याकडेच नव्हतं.

डॉक्टर सीटी स्कॅनकडे निघता निघता म्हणाल्या, "मग काल रात्रीपासून धरावं लागेल. तसं असेल तर इंजेक्शन देता येणार नाही."

मी खिडकीतून वाकून हळूच म्हटलं, "मावशी, वेळ दहाची लिहू का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन खाली ठेवलं. "खोटी वेळ लिहाल आणि डोक्यात रक्त सांडलं तर? खबरदार!"

मग ती एकदम सुनेकडे वळली. "मशीनवर काय होतं?"

"निळं कापड. अर्धं कापलेलं."

"काल रात्री मी मशीन पुसलं तेव्हा निळं काही नव्हतं. म्हणजे सकाळी गिऱ्हाईक आलं होतं." स्ट्रेचर स्कॅनला हलायच्या आत तिनं नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. मापाची चिठ्ठी निघाली. कंबर, उंची, मांडी, आकडे सरळ ओळीत, अक्षर नीटस, आणि खाली फोन नंबर. ती चिठ्ठी तिनं माझ्यापुढे आपटली. "लावा."

पहिल्यांदा कोणी उचललं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मावशी खिडकीची कड धरून उभी होती, आणि भिंतीवरचं घड्याळ मला बघवत नव्हतं. तिसऱ्यांदा एक माणूस वैतागून बोलला. शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता.

"हो, मीच गेलो होतो. पावणेदहाला. दहाला माझी बस सुटते, म्हणून घाईत होतो."

"बोलले का नीट तुमच्याशी?"

"नीट? मी पोट आत घेतलं तर म्हणाले, सोडा पोट, पँटला खोटं चालत नाही. का हो, काय झालं?"

मी ओरडलोच, "पावणेदहा!" मावशी माझ्या आधी सीटी स्कॅनच्या दाराशी पोचली होती. रक्तस्राव नव्हता. बारा वाजून दहा मिनिटांनी इंजेक्शन गेलं.

त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. ती हजर नसताना मी किती जणांची वेळ 'आत्ताच' अशी लिहिली असेल? आता छापील रकाना मी पेनानं खोडतो आणि वर लिहितो, 'शेवटचं धड कधी बोलले?'

नवरा वाचला, घरीही गेला, पण उजवा हात आखडला आणि जीभ जड झाली. रोज दुपारी सून त्याला इस्पितळात आणायची, तिथे वरच्या मजल्यावर व्यायामाच्या खोलीत रबरी चेंडू दाबताना त्याला घाम फुटायचा. कात्रीचं चित्र दाखवलं की तो "मशीन" म्हणायचा आणि चिडून रडायचा. मावशी ड्यूटी संपवून रोज तिथे जाऊन बसायची. सकाळी निघताना त्याला गोळी द्यायची आणि त्याच्या तोंडून काहीतरी ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. कामावर आली की खिडकीशी थांबून मला फक्त त्या बोलण्याची वेळ सांगायची. "सहा पाच." "सहा सात." दोन महिने तो उंबऱ्याशी तिला एकच शब्द बोलत होता, "गोळी."

परवा ती उशिरा आली आणि वेळ न सांगताच पुढे गेली. मी खुर्ची सोडून मागे धावलो.

"मावशी, आज बोलले नाहीत?"

ती भिंतीकडे तोंड करून पदरानं डोळे पुसत होती. "भांडले आज. म्हणाले, आता जा ना, किती बोलायला लावतेस."

मग नाक ओढून तिनं सांगितलं, "सहा बेचाळीस."