कारखानीस सरांची सही

'नॉर्मल' हा शब्द कानावर पडला की कारखानीस सरांचं डोकं फिरायचं. "नॉर्मल म्हणजे कुणाचं? तुझं की माझं?" भिवंडीतल्या आमच्या स्कॅन सेंटरमध्ये ते रेडिओलॉजिस्ट होते, मी त्यांचे रिपोर्ट टाइप करायचे. पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी कुणी एमआरआयला आलं की ते यकृतातून उतरणाऱ्या पित्ताच्या नळ्या एकेक करून बघत बसत. बाहेर खोळंबलेले लोक कटकट करायचे, आणि खरं सांगते, मीही करायचे.

"अगं, पित्ताशय कुणालाही सापडतं. नळ्या कुठून येतात ते बघायचं असतं. भलतीच कापली गेली की माणूस जन्माचा गेला." म्हातारा खडूस होता, पण पेशंटशी गोड बोलायचा. जवळच्या कोन गावच्या अनसूयाबाई मशीनमधून बाहेर आल्या आल्या म्हणाल्या, "डागदर, फोटू बरा आला हाय ना?"

"आला हाय, आजी. फक्त तोंड न्हाय त्यात."

बाई खुशीत गेल्या. सरांनी मात्र मला बोलावून पडदा दाखवला. यकृताच्या उजव्या बाजूची एक नळी बरीच खाली येऊन पित्ताशयाच्या नळीजवळ मिळत होती. "उद्याच ऑपरेशन आहे. ही ओळ ठळक टाक."

आता माझे प्रताप. नवा रिपोर्ट मी कधी टाइपच करत नसे. आदल्या पेशंटचा उघडायचा, नाव, वय, पित्ताशयातल्या खड्यांचे आकडे बदलायचे, झालं. दुपारी दोनला लोडशेडिंग, त्याच्या आत प्रिंट काढायची घाई. त्या दिवशी नळ्यांची ओळ जुनीच राहिली: रचना नॉर्मल. कागद बाहेर आला आणि लाइट गेली. बाईंचा मुलगा रिक्षा थांबवून काउंटरवर उभा. एरवी प्रत्येक रिपोर्ट दोनदा वाचणाऱ्या सरांनी अंधारात विचारलं, "टाकलंस ना ते?"

"हो, सर."

त्यांनी सही केली.

ऑपरेशनमध्ये नेमकी तीच नळी कापली गेली. पित्त पोटात झिरपत राहिलं, विष पसरलं, आणि महिन्याभरात अनसूयाबाई गेल्या. मुलगा रिपोर्ट घेऊन आला. सरांनी तो वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं. मालकांनी विचारलं, हे कुणाचं काम? "सही माझी आहे," सर म्हणाले. मी प्रिंटरपाशी उभी होते. ट्रेमधले कागद सारखे करत राहिले.

सरांना घरी बसवलं. सेंटरमध्ये चहाच्या वेळी बोलणं निघे, म्हाताऱ्याची नजरच गेली होती. मीही मान डोलवायचे. लाज वाटते आता, पण डोलवायचे.

वर्षभराने शेलार गावात सरांच्या घरी गेले. "सर, ते माझ्यामुळे झालं."

"माहीत आहे. मला कशाला सांगतेस? मी जिवंत आहे. कोनला जा, तिच्या मुलाला सांग."

मला राग आला. जाऊ दे गं, असं ते म्हणतील म्हणून मी गेले होते. पाठीवर हात ठेवतील म्हणून. पुढच्याच वर्षी सर वारले, तेव्हा त्यांच्या घरीही मी गेले नाही.

माझं माहेर कल्याणला. बस कोनला थांबते, चार माणसं उतरतात. मी तिकीट कल्याणचं काढलेलं असतं.