तुमच्यासारखं इंग्रजी

"हे वाक्य तुमचं नाही," सर म्हणाले.

माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणाचं पान त्यांच्या हातात होतं. विभागाच्या खोलीत त्यांचे सगळे पीएच.डी.चे विद्यार्थी बसले होते. मी उभी. माझा विषय कापूस वेचणाऱ्या बायांचं आरोग्य. त्यावर आजवर कुणी काय संशोधन केलंय, त्याचा आढावा मी लिहून आणला होता. आज तो मांडायचा होता.

सरांनी ते इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं, एकेक शब्द सुटा करत. मग मार्कर माझ्यापुढे धरला.

"असं एक वाक्य इथं लिहून दाखवा. आत्ता. सगळ्यांसमोर."

मी फळ्याजवळ गेले. कळंबच्या कॉलेजात मी तासिकेवर शिकवते. रोज फळ्यावर लिहिते. त्या दिवशी कसंबसं एक वाक्य लिहिलं. एका साध्या शब्दाचं स्पेलिंग चुकलं. मागून कुणीतरी हसलं.

"बघा," सर म्हणाले. माझ्याकडे न बघता, बसलेल्यांना. "मशीन लिहून देतं. हे मिरवतात."

मी जागेवर येऊन बसले. पुढे कोण काय बोललं, आठवत नाही.

मी फुलसावंगीची. आम्ही बौद्ध. माय जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत आली. माझी शाळा मराठी. इंग्रजी मी मोठेपणी कमावलं, एकेक पान तीन-तीनदा वाचून. शब्दकोशाचा पुठ्ठा निघून गेला, पण इंग्रजी आलं. ते माझ्या तोंडात अजून अडखळतं. कागदावर नाही अडखळत. हा फरक सरांना मान्य नव्हता.

एआय मी वापरलं. लपवलं नाही. सरांनीच त्याची कार्यशाळा घेतली होती, आम्हा सगळ्यांना बसवून. आमच्या ग्रंथालयात माझ्या विषयावरचं काहीच नव्हतं. मग मी एआयला विचारायची, या प्रश्नावर कुठे कुठे काम झालंय. एखादा परिच्छेद डोक्यात शिरत नसला, तर मराठीत समजावून मागायची. आणि मग मूळ लेख उघडून स्वतः वाचायची. एकदा त्याने मला एका अभ्यासाचं नाव दिलं. मोठं छान नाव. लेखक, साल, सगळं. शोधशोध शोधलं. असा अभ्यासच नव्हता. त्या दिवसापासून ठरवलं, जे मी उघडून वाचलं नाही ते माझ्या आढाव्यात येणार नाही. हे सगळं मी प्रकरणाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. मदत कुठे घेतली, कुठे नाही. सरांनी दुसऱ्या पानापासून वाचलं.

माझ्या शेजारी निखिल बसायचा. सरांच्या मित्राचा मुलगा. त्याने अख्खं प्रकरण एका बैठकीत एआयकडून काढून घेतलं होतं. कॅन्टीनमध्ये त्यानेच हसत हसत सांगितलं. मजकूर मशीनचा आहे का, हे तपासणाऱ्या विभागाच्या सॉफ्टवेअरने त्याचं प्रकरण लाल दाखवलं, माझंही लाल दाखवलं. त्याच्या वेळी सर म्हणाले, सॉफ्टवेअर चुकतं कधी कधी. वर म्हणाले, हा मुलगा काळाबरोबर चालतो. माझ्या वेळी तेच सॉफ्टवेअर पुरावा झालं.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. आवाज एकदम मऊ. सरांनी कधी जात काढली नाही. ते 'तुमच्याकडचे' म्हणायचे.

"तुमच्याकडच्या मुली इथवर येतात, याचं मला कौतुकच आहे. पण असं आवाक्याबाहेरचं लिहू नका. थोडं तुमच्यासारखं लिहा."

आणि एक माफीनामा लिहून द्यायचा. प्रकरण एआयने लिहिलं, माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही. तो दिला की सहामाही प्रगती अहवालावर ते सही करणार. सही नसली की नोंदणी रद्द होणार. हे त्यांनी धमकी म्हणून सांगितलं नाही. नियम म्हणून सांगितलं.

मी बाहेर पडले आणि दारं मोजली. गाइड बदलावा तर या विषयाला दुसऱ्या कुणाकडे जागा नाही. तक्रार करावी तर ती ज्या समितीकडे जाणार, तिथे सर बसतात. कळंबच्या तासिकेच्या मुलाखतीलाही तेच असतात. भांडले तर शिकणं जाणार, शिकवणंही जाणार. लोहाऱ्याला मी खोली करून राहते. तिथवर चालत गेले. एमआयडीसीच्या रस्त्याने ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. सगळ्या बाजूंनी भिंत, आणि भिंतीवर मऊ आवाजात लिहिलेले नियम.

मग मी ते केलं. प्रकरण उघडलं आणि माझं इंग्रजी मोडायला बसले. लांब वाक्यं तोडली. नेमका शब्द काढून ढोबळ शब्द ठेवला. मुद्दाम क्रियापदं चुकवली. तरी सॉफ्टवेअर लालच. मला नीट वाईट लिहिता येईना. शेवटी मी एआयलाच सांगितलं, हे प्रकरण खेड्यातल्या, इंग्रजी कच्चं असलेल्या मुलीने लिहिल्यासारखं करून दे.

त्याने लगेच करून दिलं.

मी वाचत गेले. भित्री, बुटकी वाक्यं. दर परिच्छेदात एक बावळट चूक. कापूस वेचताना बायांच्या हाताला काय होतं, यावरचा माझा मुद्दा त्यात कुठेच उरला नव्हता. सरांना जशी मी हवी होते, अगदी तशी. त्यांनी एआयला शिकवलं नव्हतं, तरी त्यालाही माहीत होतं, आमच्यासारखं म्हणजे कसं. ते प्रकरण सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. हिरवं आलं.

माझं प्रकरण मशीनने लिहिलं ते त्या दिवशी, पहिल्यांदा. आणि तेच आता माझं म्हणून चालणार होतं.

मायला फोन लावला. सगळं सांगितलं, जेवढं सांगता येईल तेवढं. मला वाटलं ती चिडेल. ती शांतपणे म्हणाली,

"देऊन टाक ना लिहून. सही भेटते ना? मंग? मीबी लय डाव म्हटलं, चुकलं मालक. जीभ नाही झडली माही."

खरंच, जीभ झडली नव्हती तिची. त्याच जिभेने मालकाला 'चुकलं' म्हणत तिने मला शाळेत टिकवलं. तिला मी कशी नावं ठेवू. पण फुलसावंगीच्या त्या वावरात मान वर करून बोलताना मी तिला एकदाही पाहिलं नाही. ती काय चुकली होती, हेही मालकाला कधी सांगावं लागलं नाही.

तेवढ्यावर माझं ठरलं. मोडलेलं प्रकरण पुसून टाकलं.

सरांच्या केबिनमध्ये गेले. मूळ प्रकरण टेबलावर ठेवलं, पहिलं पान वर. म्हटलं, माफीनामा देणार नाही. यातला कुठलाही संदर्भ विचारा, मी तोंडी सांगते. मराठीत विचारा, इंग्रजीत विचारा. अडखळेन, पण सांगेन.

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. "मग सहीचं विसरा," म्हणाले.

"ठीक. सही का करत नाही, ते लिहून द्या, सर."

त्यांनी दाराकडे बोट केलं. चहा मागवला नाही.

मी विद्यापीठात अर्ज दिला. पोच घेतली. अर्जात लिहिलं, माझं प्रकरण तपासा, मला समोर बसवून तपासा, आणि त्या दिवशी खोलीत बसलेल्या प्रत्येकाचं तसंच तपासा. निखिल आता माझ्याशी बोलत नाही. या सत्रात कळंबला मला तासिका मिळाल्या नाहीत. कारण कुणी सांगितलं नाही. अर्जाचं उत्तर आलेलं नाही. माय फोनवर विचारते, "काहून येवढी अडून बसली वं?"

पुढचं प्रकरण लिहायला घेतलंय. इंग्रजीतच, मला जमेल तितक्या चांगल्या. नोंदणी जायची असेल तर जाईल, पण मी स्वतः सोडून जाणार नाही. मला काढायचं असेल तर त्यांना कारण लिहावं लागेल. स्वच्छ अक्षरात, खाली सही करून. तोंडी कारणावर मी इथून हलणार नाही.