'खाली' लिहिलेली बाटली

विष पाण्यात किंवा मातीत पडल्यावर त्याचं पुढे काय होतं, ते फुटतं का, म्हणजे त्याचं विघटन होतं का, किती दिवसांत फुटतं आणि फुटून त्याचं काय होतं, हे शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. लोकांना वाटतं, बाईंना विषयाची फार आवड. आवड कसली डोंबलाची! मला भीती वाटत होती. ती कुठून आली ते सांगते.

ग्वाल्हेरचं संस्थान मध्यभारतात विलीन होऊन काही वर्षं झाली होती. आता मध्यभारतही मोडणार, नवा मध्य प्रदेश होणार आणि राजधानी भोपाळला जाणार, असं ठरलं होतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या नोकरदार मराठी घरांत त्या दिवसांत एकच चर्चा असायची : भोपाळच्या यादीत कोणाचं नाव आहे आणि कोणाचं नाही. पाणी तपासणारी आमची छोटी सरकारी प्रयोगशाळासुद्धा खोक्यांत भरली जात होती. मी तिथे हंगामी केमिस्ट होते. त्यातून बाई, त्यातून जिभेला धार. यादीत माझं नाव टिकेल याची मला अजिबात खात्री नव्हती. वडील वारलेले होते, घरात आई आणि मी दोघीच, आणि दोघींचं पोट या नोकरीवर.

आमची गल्ली दाल बाजाराच्या मागे. नळाला करंगळीएवढी धार, म्हणून सगळ्यांची भिस्त गल्लीतल्या विहिरीवर. मलेरियाची फवारणी करणारी माणसं कठड्यावर बसून औषधाची भुकटी कालवत होती, आणि त्यांचं अर्धं पोतं आत पडलं. डास मारणाऱ्या त्या भुकटीचं तेव्हा कोण कौतुक! पण प्यायच्या पाण्यात ती कोणाला हवी असणार? विहीर उपसली, चांगला दोन पोती चुना आत टाकला, कारण चुन्यानं हे विष फुटतं असं आमच्या पुस्तकांत होतं. मग पंधरा दिवस विहिरीवर फळ्या ठोकलेल्या. त्या उघडायच्या की नाही, ते माझ्या सहीवर ठरणार होतं.

विहिरीत कमरेएवढंच पाणी साठलं होतं. ही भुकटी पाण्यात विरघळत नाही, गाळात जाऊन बसते. म्हणून मी दोन नमुने घेतले, एक वरच्या पाण्याचा आणि एक अगदी तळाचा. नंबरांची छापील लेबलं खोक्यात बंद झालेली. मी वहीचा कागद फाडला, एका चिठ्ठीवर 'वर' लिहिलं, दुसरीवर 'खाली', आणि चिकटवून टाकलं. संध्याकाळ झाली होती. बाटल्या टेबलावर ठेवून घरी गेले.

सकाळी आमचे जुने अटेंडंट, ज्यांना सगळे चाचा म्हणत, हसत विचारत होते, "बाईसाहब, ये दूल्हे की बोतल कहाँ रखें?"

'वर' म्हणजे हिंदीत नवरदेव. मीही हसले. जन्म ग्वाल्हेरात गेलेला, दोन्ही भाषा तोंडात घोळलेल्या, तरी दुसरी चिठ्ठी त्यांनी कशी वाचली असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

औषध असलं तर आमच्या तपासणीत निळा रंग चढायचा. वरच्या नमुन्यात नावाला निळी झाक दिसली, हरकत घेण्याजोगी नव्हती. तळाचा नमुना तर स्वच्छ! मला इतका आनंद झाला की काय सांगू. विष फुटलं होतं, चुन्यानं काम केलं होतं. नगरपालिकेचा माणूस दारात ताटकळत उभाच होता. मी जागच्या जागी लिहून दिलं : पाणी पिण्यास योग्य. सही केली.

दुपारी जेवल्यावर रिपोर्टाचा उरलेला फॉर्म भरायला बसले. क्षार किती, चुना किती, असल्या रोजच्या तपासण्या. तळाच्या नमुन्यात क्षार शून्य निघाले. हात चुकला असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा शून्य. मग चुना बघितला. तोही नाही. ज्या विहिरीत दोन पोती चुना ओतला, तिच्या तळाच्या पाण्यात चुना नाही?

"चाचा, ह्या बाटलीतलं पाणी कुठलं?" मी मराठीतच ओरडले.

चाचांना ते बरोबर समजलं. "डिस्टिल पानी है, बाईसाहब। आपने ही तो लिखा था, ख़ाली। उसमें गँदला-सा कुछ पड़ा था, हमने धोकर भर दिया।"

रोज तुलनेसाठी शुद्ध पाण्याची एक बाटली लागायची. कोरी बाटली. तिला चाचा नेहमी 'ख़ाली', म्हणजे रिकामी, म्हणत. तळाचं पाणी त्यांनी मोरीत ओतलं होतं आणि मी शुद्ध पाणी तपासून सही केली होती. चाचांचा चेहरा उतरला. "हमारा नाम मत लिखिएगा," एवढंच ते म्हणाले. यादीची भीती त्यांनाही होतीच.

मी धावले. टांगा मिळाला तो बाड्याच्या चौकापर्यंत बरा चालला आणि सराफ्यात अडकला. कोणाची तरी वरात होती. बँड, घोडा, नाचणारी माणसं. मी टांगेवाल्याला बोलले, घोड्याला बोलले, शेवटी उतरून पळत सुटले. पदर कुठे, चप्पल कुठे, याचं भान नव्हतं. डोळ्यांपुढे सारखे गल्लीतल्या घरांचे माठ येत होते. कोणाकडे तान्हं पोर आहे, कोणाकडे म्हातारी आहे, सगळं एकेक करून आठवत होतं. त्या दुपारी मी जितकी घाबरले तितकी पुढे कधी घाबरले नाही.

फळ्या निघालेल्या होत्या. बादली तळाला आपटल्याचा आवाज मी लांबूनच ऐकला.

"कोई मत पियो! फेंक दो सब पानी!"

बायका थबकल्या. शेजारची काकू म्हणाली, "अरे, अभी क्या हुआ? सुबह तो तुम्हारी अम्मा ने पीकर दिखाया। हम लोग डर रहे थे, तो बोलीं, मेरी लड़की का लिखा है, और सबसे पहले खुद पिया।"

आई तिथेच होती, हातात भरलेली घागर. तिनं माझ्याकडे पाहिलं, घागर गटारात ओतली आणि बायकांना म्हणाली, "चलो, अपने-अपने मटके उलटो।" मग मला म्हणाली, "घरी चल. आधी बस जरा."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या साहेबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. लेबल चुकीचं लिहिलं, चूक माझी, असं कागदावर लिहून दिलं. चाचांचं नाव घेतलं नाही. मग साहेबांनी छापील लेबलांचं बंद केलेलं खोकं उघडायला लावलं. तळाचं पाणी मी स्वतः काढून आणलं, बाटली हातातून सोडली नाही. रंग चढला तो गर्द निळा. चुन्यानं विष फुटलं असेल तर थोडंफार, बाकीचं गाळात तसंच होतं. आणि जे फुटलं त्याचं काय झालं, हे तेव्हा माझ्या पुस्तकांनाही माहीत नव्हतं. यादीतलं माझं नाव राहिलं. का राहिलं ते मी कधी विचारलं नाही.

घरी आले तर आई तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर बसले.

"किती प्यायलीस?"

"घोटभर."

"आई, खरं सांग. मला कळायला हवं."

तिनं ताट बाजूला सरकवलं. "तू लिहून दिलं होतंस ना? मग घोटभर कशाला पिईन मी? तांब्याभर प्यायले. लोक बघत होते."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडले.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, माझ्याबरोबर भोपाळलाही आली. तिला साधा खोकला झाला तरी माझे हातपाय गार पडत. हे तिच्या लक्षात आलं होतं. शेवटी शेवटी ती बिचारी खोकला आला की तोंडाशी पदर धरून परसात जायची, आणि मी कचेरीत गेले की मगच मोकळेपणी खोकायची.