भोंगा झाला, घरी गेली

मला हँडबिलं लिहिता येतात. हँडबिलात भांडण पहिल्याच ओळीत सांगायचं असतं, नाहीतर माणूस त्या कागदात भजी बांधून घेतो. म्हणून भांडण आधी सांगते. धुळ्याच्या ज्या सूतगिरणीत मी कामाला होते, तिथं एका बाईला कामावरून घरी बसवलं. तिचा गुन्हा एवढाच, की शिफ्ट संपल्याचा भोंगा झाला आणि ती घरी गेली.

आम्ही सगळ्याजणी तिला अक्का म्हणायचो. पिंपळनेरकडची, सूत गुंडाळायच्या आमच्या खात्यात वयानं सगळ्यात मोठी. मी एरंडोलची. जळगावला कॉलेजात दोन वर्षं इंग्रजी वाचून सोडून दिलेली, युनियनची पत्रकं लिहिणारी आणि म्हणून साहेबलोकांच्या डोळ्यांत खुपणारी. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्या खात्यासाठी पोलंडहून नवं मशीन आलं आणि ते बसवायला त्याच्या मागून पोलंडचा फिटर आला.

त्याचं नाव कुणाच्या जिभेला वळेना. दुसऱ्या दिवशी त्याला ‘पोळ’ म्हणायला लागले. आमच्याकडे पोळ म्हणजे मोकाट सोडलेला वळू. मानेनं आणि खांद्यांनी तो होताही तसाच.

तो येण्याआधीच मॅनेजरसाहेबांनी आम्हाला गोळा करून भाषण ठोकलं होतं. “जपानी माणूस संपावर गेला ना, तर दंडाला काळी फीत बांधून दुप्पट काम करतो. जर्मन माणूस कामाच्या वेळी शिंकतसुद्धा नाही. आणि आपला खान्देशी माणूस? बिडी पेटवायला निघाला की दुपार होते! आता गोरा माणूस येतोय. बघा, शिका.”

तो काळी फीतवाला जपानी त्या काळात महाराष्ट्रातल्या प्रत्येक मॅनेजरच्या तोंडी होता. त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी मला आजवर भेटलेलं नाही.

इकडे आमचे युनियनचे नाना. त्यांची तऱ्हा दुसरी. “पोरी, तो समाजवादी देशातला कामगार आहे. तिथं राज्यच कामगारांचं. तो काम हे स्वतःचं समजून करतो. जोरदार पत्रक लिही.”

म्हणजे माणूस अजून मुंबईच्या विमानतळावर उतरायचा होता आणि इथं एकाला तो चाबूक म्हणून हवा होता, दुसऱ्याला झेंडा म्हणून. तो कसा आहे, हे कुणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. मला दुभाषी म्हणून त्याच्यासोबत दिलं. त्याची इंग्रजी आणि माझी इंग्रजी सारखीच मोडकी होती, म्हणून छान जमलं.

पहिल्या दिवशी दुपारी, शिफ्ट संपायच्या टोल्याला, त्यानं हातातला पाना पेटीत टाकला आणि अख्खं खातं दणाणेल अशी आरोळी दिली, “फायरांत!”

सूतगिरणीत आगीएवढी भीती कशाचीच नसते. हवेत रुई तरंगत असते, एक ठिणगी पुरे. बायका ओरडत उठल्या. “आग कोठे शे? आग कोठे शे?” अक्कानं भिंतीवरची लाल बादली काढली आणि जिथून आवाज आला तिथं सगळी वाळू ओतली. म्हणजे पोळाच्या अंगावर आणि त्याच्या पान्यांच्या पेटीत. तो वाळूनं माखून उभा. मग असा हसला की पोट धरून खालीच बसला.

तेव्हा मला कळलं, फायरांत हा त्यांच्या कारखान्यातला शब्द आहे. काम सुटलं, आता घरी. जर्मनांकडून आलेला शब्द, पण आता आमचाच, म्हणाला. मी विचारलं, “कोण ओरडतं? साहेब?” त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी विचारलं की दिवस कोण मावळवतो.

अक्काला सांगितलं. ती पदरानं त्याच्या पेटीतली वाळू झटकत म्हणाली, “हाऊ तर आपलाच माणूस शे वं!”

आणि खरं सांगायचं तर तो काही आदर्श वगैरे नव्हता. पाना खिशात ठेवून हेल्परला पाना शोधायला पिटाळायचा आणि तेवढ्यात खोक्यावर टेकून डोळे मिटायचा. केळ्यांवर तर त्याचा जीव होता. रावेरकडच्या केळ्यांची फणी सकाळी घेऊन बसायचा आणि मशीन खोलता खोलता संपवायचा. त्याच्या देशात केळी नाताळला दिसत, तीही लांबलचक रांगेत उभं राहून. केळी सोलत तो सांगायचा आणि मी बायकांना मराठीत सांगायचे. आमच्याकडे, तो म्हणायचा, उभा राहा नाहीतर आडवा हो, पगार तोच. म्हणून आम्ही कारखान्याच्या लोखंडातून स्वतःच्या घराचं फाटक बनवतो. सरकार आम्हाला पगार देण्याचं नाटक करतं, आम्ही काम करण्याचं. मात्र स्वतःच्या बागेत, बायकोच्या भावाचं घर बांधायला, आम्ही रात्र रात्र राबतो. मी लिबियात मशीन बसवलंय, तिथं भर दुपारी सगळे झोपतात आणि कुणी त्यांना आळशी म्हणत नाही, कारण डोक्यावरचा सूर्य सगळ्यांना दिसतो. जर्मनाबरोबर काम केलंय. तो शिंकतो.

मी हे नानांना सांगितलं. नानांचा चेहरा पडला. “आणि संप? तिथं संपाची गरजच नसणार.”

“त्यानं स्वतः केलाय,” मी म्हटलं. “कामगारांच्या राज्यात कामगारांनाच संपाला बंदी होती म्हणे. तरी केला.”

“हे पत्रकात नको,” नाना म्हणाले.

मग तो ट्रायलचा दिवस आला. मशीन पहिल्यांदा पूर्ण वेगानं चालवायचं होतं. त्यावर अक्काला उभं केलं होतं, कारण तुटलेला धागा तिच्याएवढा झटक्यात कुणी जोडत नसे. चेअरमनसाहेब बघायला येणार होते. सकाळी येणार होते, मग जेवणानंतर, मग निघालेत म्हणून फोन आला. तोवर भोंगा झाला. पोळानं नेहमीसारखी “फायरांत!” अशी हाक दिली, बटण दाबून मशीन बंद केलं आणि चिंधीला हात पुसले. अक्कानं डबा उचलला आणि ती फाटकातून बाहेर पडली.

त्यानंतर चेअरमनसाहेबांची जीप आली. खात्यात थंड मशीन आणि केळ्याच्या साली.

गोऱ्या माणसाला बोलायची छाती कुणाची? दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काला फाटकावरच अडवलं. आरोप: परवानगी न घेता काम सोडून जाणे. तीन वर्षं थांबून ती नुकतीच कायम झाली होती. आता ते गेलं तर पुन्हा रोज सकाळी फाटकाबाहेर, बदली कामगारांच्या रांगेत, आज घेतील की नाही करत उभं राहायचं.

चौकशी मॅनेजरसाहेबांच्या खोलीत झाली. साहेब, नाना, अक्का, पोळ आणि त्याच्यासाठी मी. साहेब काही दुष्ट नव्हते, हे लिहायला मला आवडत नाही, पण नव्हते. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं. ते म्हणाले, “अक्का, मला फक्त कारण दे. का गेलीस?”

“भोंगा वाजना, मी घर गयू.” भोंगा वाजला, मी घरी गेले, एवढंच.

“ते झालं. पण कारण? पोराला ताप होता का? सांग ना. मी तेवढं लिहितो, तू माफी माग, उद्यापासून कामावर.”

“मन्हं पोर धडधाकट शे, भाऊ. नोकरीकरता त्याले आजारी पाडू का?”

नाना पुढे वाकले, आवाज गोड करून म्हणाले, “अक्का, सासूबाईंचं काही... म्हातारं माणूस, केव्हाही...”

“ती मन्हापेक्षा टणक शे.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी संतापानं कान तापले. दोन पुरुष, एक मालकाचा आणि एक आमचा, एका बाईच्या घरात आजारी माणूस शोधत होते! तिचं पोर तापलं पाहिजे, तिची सासू मेली पाहिजे, तर तिचं घरी जाणं माफ. दिवेलागणीला औत सुटतं आणि बैल गोठ्याकडे वळतो, तेव्हा त्याला कुणी विचारतं का, बाबा रे, घरी कोण आजारी आहे? पोळ्याच्या सणाला तर आम्ही बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळून खांदेमळणी करतो, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवणं पाप मानतो. हे सगळं बैलासाठी. आणि बाईनं ठरल्या वेळेला पाठ फिरवली, तर कारण दे.

साहेबांनी मग पोळाला विचारलं. खात्री होती त्यांना. “याला विचार, त्याच्या देशात असं मधूनच कुणी निघून जातं का?”

तो सविस्तर बोलला. नानांनी मला टेबलाखालून पाय मारला, म्हणजे गाळून सांग. मी गाळलं नाही. मी सांगितलं, “तो म्हणतो, आम्ही आळशी आहोत. दिवसभर काम चुकवतो, रांगेत जाऊन उभे राहतो, लोखंड चोरतो. हे सगळं चूक आहे, आणि त्यासाठी कुणी पकडलं तर मी मान खाली घालीन. पण ही बाई मधूनच गेली नाही. फायरांत झाल्यावर गेली. त्याचा कामाशी संबंध नाही. ती वेळ तिची आहे, ती तुमच्याजवळ कधी नव्हतीच. आणि मशीन मी बंद केलं, तिनं नाही.”

साहेब एवढंच म्हणाले, “पाहिलंत? स्वतःच कबूल करतोय, आळशी आहे म्हणून!”

अक्कानं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग अगदी शांतपणे, खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, “घर जावाले बी कारन लागस का?”

साहेबांनी समोरचे कागद आवरले. चौकशी तहकूब.

त्या दिवशी मी पत्रक लिहिलं, आणि नानांना दाखवलं नाही. त्यात फक्त अक्काचा तो प्रश्न होता, तिच्याच बोलीत. खाली सही आम्हा सगळ्यांची.

आता आमच्या खात्यातली एक जुनी चाल सांगायला हवी, कारण पुढचं तिच्यावरच घडलं. भोंगा झाला तरी आम्ही जात नसू. मशीनवर बसलेली रुई झाडायची, सुताच्या चात्या पुसायच्या, मगच जायचं. ट्रायलचं मशीन पोळाच्या ताब्यात होतं, म्हणून त्या दिवशी अक्काला हे करावं लागलं नव्हतं. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं आणि ते शिफ्टमध्ये धरलंही जात नसे. बाईमाणसाच्या हाताला आवरायची सवय, म्हणून गिरणीनं ती फुकट घातली खिशात. त्या आठवड्यात भोंगा झाला की आमच्यातली कुणीतरी ओरडायची, “फायरांत!” आणि सगळ्या हात झटकून बाहेर. रुई तिथंच. पुढच्या शिफ्टला धागे तटातट तुटायला लागले. सुपरवायझर विनवायला लागला, “अहो ताई, तेवढं पुसून...” आम्ही विचारायचो, “कारण?”

मशीन बसवून झालं तसा पोळ गेला. जाताना अक्काला त्यानं त्याची चिंधी दिली, हात पुसायची. काय देणार दुसरं.

रुई साचत गेली आणि साहेबांनी अक्काला परत घेतलं. ताप नाही, सासू नाही, माफी नाही. पुसायची वेळ शिफ्टमध्येच धरू, असंही कबूल केलं. नाना सगळीकडे सांगत सुटले की युनियननं जिंकलं. सांगोत.

तिच्या पहिल्या दिवशी शिफ्ट संपताना साहेब मुद्दाम खात्यात येऊन उभे राहिले, घड्याळाखाली. भोंगा झाला. अक्कानं बटण दाबलं, त्या चिंधीला हात पुसले, डबा उचलला.

“काय अक्का,” साहेब म्हणाले, “फार घाई दिसते.”

“नई भाऊ. घाई कसानी?”

आणि घाई नाही हे त्यांना नीट दिसावं म्हणून ती फाटकापर्यंत सावकाश चालत गेली. आम्ही सगळ्या तिच्या मागून, तितक्याच सावकाश.