धोंडानानी आणि पिवळ्या धाग्याचा कोळी

विंझरात आमच्या आळीत दुपारी चारच्या सुमाराला सगळ्या बायका एकदम घर झाडायला लागल्या, की समजायचं, धोंडानानी निघाल्या. हातात लांब कळक, त्याच्या टोकाला बांधलेली केरसुणी. कुणाच्याही घरात शिरल्या की माणसाच्या तोंडाकडे न बघता आढ्याकडे बघायच्या. यजमानीण तांब्या पुढं करायची, तर म्हणायच्या, "पाणी मागनं. आधी वर बघू दे."

जळमट सापडलं की स्वतः काढायच्या आणि काढता काढता त्या घराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. असं एक जळमट माझ्या डोक्यावरही पडलंय. पण बनाबाईंचं झालं ते वाईट झालं. त्यांच्या लेकाच्या साखरपुड्याला मार्गासनीचे पाहुणे पंगतीला बसले होते. नानींनी देव्हाऱ्यावरचं जळमट ओढलं, ते थेट विहीणबाईंच्या बासुंदीत. तेव्हापासून बनाबाई नानींशी कामापुरतंच बोलायच्या, आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर होतं.

अशा बाईच्या नशिबी देवानं काय वाढून ठेवावं? नानींची लेकीकडची नात प्रेरणा पुण्यात संशोधन करते. कशावर, ते नानी कुणाला सांगत नसत; "मोठं कायतरी" एवढंच. गेल्या भाद्रपदात ही पोरगी डोंगरातून तळहाताएवढे कोळी घेऊन आली आणि नानींच्याच पडवीत लाकडी चौकटींवर त्यांचं बिऱ्हाड मांडलं. कोळ्याच्या पोटातून येणारा पिवळा धागा ती चिमट्यानं धरायची आणि हळूहळू रिळावर गुंडाळायची. हा धागा वजनाच्या मानानं पोलादाला भारी पडतो, ताणला तरी चटकन तुटत नाही. जखम शिवायला त्याचा उपयोग होईल का, हे ती आणि तिचे सर तपासत होते.

"आजी, दसऱ्यानंतर रीळ प्रयोगशाळेत द्यायचंय. नाही भरलं तर माझं वर्ष गेलं," प्रेरणा म्हणाली.

"जन्मभर ज्यांची घरं मोडली, त्येंलाच आता पोसायचं व्हय गं?" नानी म्हणाल्या. पण नात ती नात. त्यांनी पडवीच्या दाराला चादर लावली, केरसुणी कणगीमागं उभी केली आणि आळीत सांगून टाकलं की आत वाळवण आहे. भर पावसाळ्यात कसलं वाळवण, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळी सगळ्यात मोठा कोळी गायब झाला. रीळ त्याच्या एकट्याच्या धाग्यानं भरायचं होतं आणि निम्मंच भरलं होतं. प्रेरणा रडायलाच लागली. आणि दिवस कसला? त्या दिवशी अख्खं विंझर जळमटं काढत असतं. ही शिस्त गावाला लावली कुणी, तर नानींनीच.

पुढचं मी ओट्यावरून बघितलं. नानी पदर खोचून, अनवाणी, आळीतून धावत होत्या. "झाडू नका गं! वर हात लावू नका!" बायकांना वाटलं, ही नवी परीक्षा आहे. शेजारच्या मंगलनं तर घाबरून झाडलेलं घर पुन्हा झाडायला घेतलं. शेवटी नानींना भर आळीत सांगावं लागलं, "अगं, माझ्या पडवीतला कोळी गेलाय."

सगळ्या बायका दारात आल्या. मग मागून आवाज आला, "नानी, तुमच्या घरात कोळी?"

मला हसू आवरेना, आणि नानींचं तोंड बघून जीवही कळवळला.

शेवटचं घर बनाबाईंचं. त्या दारातच उभ्या होत्या, हातात केरसुणी घेऊन. मी नानींच्या मागोमाग गेलो. असलं बघायला रोज मिळत नाही.

"तळहाताएवढा, पिवळ्या ठिपक्यांचा, त्योच का?" बनाबाईंनी विचारलं.

"व्हय. कुठाय?"

"देव्हाऱ्यावर. बासुंदीच्या येळंला जळमट व्हतं ना, त्याच जागी."

"मारला न्हाईस ना गं?"

"केरसुणी उचलली व्हती. तेवढ्यात तुमची हाळी ऐकू आली." बनाबाई अजून दारातून बाजूला झाल्या नव्हत्या.

"बने, तुझ्या पाया पडते. पोरीचं वरीस हाय त्येच्यावर."

बनाबाईंनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि वाट दिली. नानी उंबरा ओलांडून आत गेल्या. सवयीनं त्यांची मान वर जाणार, एवढ्यात बनाबाईंनी तांब्या पुढं केला.

"आधी पाणी घ्या, नानी. वर मागनं बघा."

नानी खाली बसल्या आणि मान वर न करता त्यांनी अख्खा तांब्या संपवला.