एका कडेची खळ

निष्ठा बहुधा व्यक्तीच्या चरणी वाहिलेली आढळते. मजकुरावर निष्ठा ठेवणारा माणूस विरळा. विधिमंडळाच्या ग्रंथालयात पुस्तके बांधणारे दप्तरीकाका तशा विरळांपैकी होते.

संविधानात दुरुस्ती झाली की छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्या मेजावर येई. जुन्या कलमावर नवी चिठ्ठी चिकटवायची, एवढेच काम. काका मात्र खळ लावीत ती केवळ वरच्या कडेला. चिठ्ठी उचलली की खालचे मूळ कलम वाचता यावे. साठ प्रतींत एकतीस वर्षे त्यांनी हा नेम पाळला.

पुढे एका दुपारी, दोन तृतीयांश मतांनी, आणखी एक दुरुस्ती संमत झाली. सरकारी नोकराला बडतर्फ करण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन तिने काढून टाकले. गठ्ठ्यासोबत ग्रंथपाल स्वतः आले.

"काका, आता चारी बाजूंनी चिकटवायचं. परवा एका सदस्यानं सभागृहात खालचं वाचून दाखवलं. बोलणी मला खावी लागली."

"साहेब, खालचं दिसलं नाही, तर काय बदललं ते कळायचं कसं?"

"कळून कोणाचं भलं होणार आहे? खळ लावा, घटनापंडित होऊ नका."

घरी पत्नीनेही तोंडसुख घेतले. "अहो, दोन वर्षं राहिलीत नोकरीची. राज्य काय तुमच्या ब्रशावर चाललंय?"

"राज्य नाही गं. पुस्तक चाललंय."

काकांनी साठही प्रतींत एकाच कडेला खळ लावली. आठव्या दिवशी बडतर्फीचा आदेश हाती पडला. आधार त्याच नव्या कलमाचा.

"निदान माझं म्हणणं तरी ऐका," ते ग्रंथपालांपुढे उभे राहून म्हणाले.

"ऐकायचं बंधनच उरलं नाही, काका. चिठ्ठी तुम्हीच तर लावलीत." ग्रंथपालांनी मानही वर केली नाही.

एकतीस वर्षांच्या सोबत्यांनी चहा पाजला, हळहळ व्यक्त केली. काकांचे म्हणणे ऐकावे, या अर्जावर सही करण्यास मात्र एकालाही सवड झाली नाही. अर्ज पत्नीने सुवाच्य अक्षरात उतरवून दिला. त्या दिवशी ती टोमणा मारायला विसरली.

वर्षभरात संविधानाची नवी आवृत्ती आली, सलग छापलेली, कोठेही सांधा न दिसणारी. जुन्या प्रती लगद्याच्या कारखान्यात गेल्या. काका त्यानंतर चार वर्षे जगले.

त्यांच्या मागे पत्नी आहे, आणि 'सुनावणीची तरतूद नाही' असा शेरा पडलेला अकरा ओळींचा अर्ज आहे.