आरशासारखा कागद

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. फैजपूरला बी.एस्सी. झालो आणि जळगावजवळच्या कागद कारखान्यात उमेदवारीवर लागलो. कारखाना खोक्यांचा जाड तपकिरी कागद काढायचा. मी आल्यावर काही महिन्यांत मालकांनी वह्यांचा पांढरा कागद करून बघायचं ठरवलं. धुळ्यात देवपूरला वह्या बांधणारं एक मोठं दुकान होतं. तिथे नमुना पसंत पडला तर काम सुरू राहणार आणि मी कायम होणार, असं मला स्पष्ट सांगितलं होतं. नमुन्याची जबाबदारी माझ्यावर होती.

यंत्राच्या शेवटच्या टोकाला एकावर एक रचलेले चकचकीत लोखंडी रूळ असतात. त्यांच्यामधून दाबून काढला की खरबरीत कागद गुळगुळीत होतो. ते रूळ सांभाळायचे नाना. वीस वर्षं त्याच जागेवर. कागद ते गालावर फिरवून बघायचे, म्हणून रोज सकाळी दाढी करून येत.

मी शाळेत मागच्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं शिवून वापरली होती. त्या पानांवर पेन अडकायचं, कधी कागदच फाटायचा. मुलांना आता असा कागद द्यायचा की पेन पळालं पाहिजे, असं मी मनाशी पक्कं केलं आणि सगळ्या रुळांचा दाब वाढवत नेला.

नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "साहेब, हाऊ कागद शे, आरसा नही शे."

"नाना, पुस्तकात लिहिलंय, दाब वाढला की गुळगुळीतपणा वाढतो."

"पुस्तक कोन्या कागदवर छापेल व्हतं, ते देखं का?"

मी हसलो आणि दाब आणखी वाढवला. कागद असा देखणा निघाला की मी त्याचा फोटो काढून घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी एक रीम पिशवीत घालून धुळ्याची एसटी पकडली.

देवपूरच्या दुकानाचा कारभार एक अक्का बघायच्या. चष्मा कपाळावर, बोटांना डिंक. त्यांनी कागदावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "वा, लग्नपत्रिकेसारखा!" मी फुललो. मग त्यांनी शाईच्या पेनानं चार ओळी लिहिल्या, पान उलटलं आणि माझ्यासमोर उजेडात धरलं. चारही ओळी मागच्या बाजूनं उलट्या वाचता येत होत्या.

"भाऊ, पोरं दोन्ही बाजूंनी लिहितात. तुम्ही एकाच बाजूचा कागद आणलाय." त्यांनी शंभर पानं मोजून शेजारच्या शंभर पानी वहीला लावून बघितली; दाबून दाबून आमचा गठ्ठा बराच पातळ झाला होता. "आणि ही जाडी बघा. आई-बाप म्हणतील, अक्कांनी पानं चोरली."

पानांच्या घड्या घालणाऱ्या बायका खुदखुदल्या. मला पळून जावंसं वाटलं. अक्कांनी पाणी दिलं आणि सांगितलं, "आठ दिवस थांबते. नाहीतर गुजरातचा कागद आहेच."

परत आल्यावर मी काही सांगायच्या आत नानांनी विचारलं, "उजेडात धरं का तिनी?"

"धरलं."

"मी सांगेल व्हतं." पण पुढे ते चिडवत बसले नाहीत. दाब उतरवून त्यांनी कागद रुळांच्या दोनच फटींतून काढला. मी दर वेळी जाडी मोजत होतो, पान उजेडात धरत होतो आणि नाना गाल लावत होते. तिसऱ्या प्रयत्नाला आम्ही दोघं एकदम म्हणालो, "बस."

आठवड्यानं पुन्हा अक्कांसमोर बसलो. त्यांनी लिहिलं, उलटलं, मागच्या बाजूवरही लिहिलं. मग चष्मा लावून पान खिडकीपाशी नेलं. मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होतो. त्यांनी रीममधून आणखी पाच पानं घेतली, मधोमध दुमडली आणि शिवणाऱ्या बाईकडे सरकवली.

"मागच्यापेक्षा कमी चमकतोय," त्या म्हणाल्या.

"हो अक्का. मुद्दाम."

"कोणी शिकवलं?"

"आमच्या नानांनी."

"मग त्यांनाच सांगा, पहिली गाडी सोमवारी पाठवा."

एसटी स्टँडवरून मी नानांना फोन केला. पलीकडे यंत्राचा एवढा आवाज होता की मला "सोमवारी पहिली गाडी!" असं तीनदा ओरडावं लागलं, आणि फलाटावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.